किलोमीटर मोजून इंटरनेट फास्ट होत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की जगाच्या यादीत आपला ब्रॉडबँड एवढा मागे का, सरकार भारतनेटवर (ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना) लाखभर कोटी ओततंय त्यापेक्षा सगळं फाइव्ह जी आणि सॅटेलाइटवर सोडून द्यावं का, आणि आईवडील साताऱ्यातल्या पाटणजवळच्या गावात राहतात तर त्यांच्यासाठी एअर फायबर (टॉवरवरून फाइव्ह जीने घरात येणारं इंटरनेट) घ्यावं की फायबरची वाट बघावी. मी बरीच वर्षं फायबरच्या लाइनमध्ये आहे, आधी सरकारी कामाच्या ठेकेदाराकडे जॉइंट मारायचो, आता एका तालुक्याच्या गावी छोट्या आयएसपीचं (इंटरनेट देणाऱ्या कंपनीचं) नेटवर्क बघतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, आणि त्यात माझी मतं पण येतील.

आधी ते यादीचं बघू. सप्टेंबर २०२२ मध्ये स्पीडटेस्टवाल्या ऊकलाच्या आकड्यांत आपला मोबाइलचा मधला स्पीड होता १३.८७ एमबीपीएस आणि नंबर ११९ वा. १ ऑक्टोबर २०२२ ला फाइव्ह जी सुरू झालं आणि ऑगस्ट २०२३ पर्यंत तोच स्पीड ५०.२१ वर गेला, नंबर ४७ वा. वर्षभरात ७२ पायऱ्या वर, सगळीकडे पेढे वाटल्यासारख्या बातम्या. पण त्याच काळात घरातला वायरवाला ब्रॉडबँड ५०-६० च्या आसपासच रेंगाळत होता, त्याची बातमी कोण करतंय. आणि मुळात ज्याच्याकडे कनेक्शन आहे तोच टेस्ट मारणार ना? ट्रायच्या (टेलिकॉमच्या सरकारी नियामकाच्या) हिशोबात २०२५ च्या सुरुवातीला देशात ९४ कोटींच्या आसपास ब्रॉडबँडचे ग्राहक होते, त्यातले वायरवाले ४ कोटींच्या थोडे वर, बाकी सगळे मोबाइल. म्हणजे आपल्याकडे ब्रॉडबँड म्हणजे खिशातला फोन. त्यात ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची आपली सरकारी व्याख्या २००४ ला २५६ केबीपीएस होती, मग ५१२ झाली आणि २ एमबीपीएस व्हायला जानेवारी २०२३ उजाडलं. बीएसएनएलचं डेटावन २००५ ला आलं तेव्हा रात्री २ ते सकाळी ८ फुकट डाउनलोड मिळायचं म्हणून पोरं अलार्म लावून उठायची, ती पोरं आता चाळिशीला आली. व्याख्या मात्र परवापरवापर्यंत त्याच जमान्यात होती.

आता तंत्रज्ञान कुठलं निवडायचं त्याबद्दल. या वादात लोक ऑस्ट्रेलियाचं उदाहरण देतात, ते बरोबर आहे पण अर्धवट सांगतात. तिथे २००९ मध्ये पंतप्रधान केविन रड यांच्या सरकारने ४३ अब्ज डॉलरची योजना आणली, जवळजवळ सगळ्या घरांना थेट फायबर. २०१३ ला सरकार बदललं, नवे लोक म्हणाले एवढी उधळपट्टी कशाला, गल्लीच्या तोंडापर्यंत फायबर न्या आणि तिथून घरापर्यंत जुनी तांब्याची तार आहेच की, २९.५ अब्जात काम होईल. झालं काय, खर्च ५० अब्जांच्या वर गेला. ऑप्टस कंपनीची जुनी केबल टीव्हीची वायरिंग ८० कोटी डॉलरला विकत घेतली आणि नंतर ती कामाचीच नाही म्हणून जवळपास सगळी सोडून दिली. आणि २०२० मध्ये त्याच पक्षाच्या सरकारने जाहीर केलं की आता त्या तांब्याच्या जागी फायबर टाकू. स्वस्तातलं घ्यायला गेले आणि एकाच रस्त्याचे दोनदा पैसे मोजले.

फक्त आपली केस तशी नाही. त्यांच्याकडे घरोघरी तांबं होतं म्हणून त्यांना तो मोह झाला. आपली लँडलाइन ऐन भरात होती तेव्हा सुद्धा ५ कोटींच्या आसपासच, आणि त्यातलं निम्मं तांबं पावसाळ्यात पाणी शिरून बंद नाहीतर चोरांनी ओढून नेलेलं. आपला मोह वेगळा आहे, हवेतून जाईल ना मग तार कशाला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा मातीमोल झाला आणि सगळ्यांना वाटलं की सुटला प्रश्न. सुटला पण काही अंशी, ते नाकारत नाही मी.

पण टॉवरला इंटरनेट कुठून येतं हा प्रश्न कोणी विचारत नाही. टॉवर म्हणजे नळ, पाइपलाइन नव्हे. त्याच्या मागे एकतर फायबर असतं नाहीतर मायक्रोवेव्हची डिश असते, जी दुसऱ्या टॉवरशी बोलते. नॅशनल ब्रॉडबँड मिशन डिसेंबर २०१९ ला आलं तेव्हा २०२४ पर्यंत ७० टक्के टॉवर फायबरवर आणायचं ठरलं होतं, मुदत संपली तेव्हा निम्मे सुद्धा झाले नव्हते. उरलेले डिशवर. डिश वाईट नाही, पण जास्त क्षमतेची डिश हवी तर वरची फ्रिक्वेन्सी लागते, ७०-८० गिगाहर्ट्झ, आणि ती पावसात मार खाते. जुलैत आंबोलीच्या बाजूला किंवा कोयनेच्या खोऱ्यात जो पाऊस असतो ना, आडवा, तशा पावसात ती लिंक दोन-चार किलोमीटर सुद्धा धड पकडत नाही. मग फोनवर फुल रेंज, फाइव्ह जी लिहिलेलं, आणि व्हॉट्सॲपचा फोटो गोल गोल फिरत बसलेला. रेंज फोन आणि टॉवरमधली असते, टॉवरच्या मागचं काय ते फोनला कळत नाही.

दुसरा भाग वाटणीचा. फाइव्ह जीच्या एका सेक्टरला (टॉवरच्या एका दिशेच्या अँटेनाला) सगळं मनासारखं असेल तर एक-दीड गिगाबिट मिळतं, आणि ते त्या दिशेच्या सगळ्यांनी वाटून घ्यायचं. गावातल्या ४० घरांनी एअर फायबर घेतलं आणि रात्री ९ ला प्रत्येकाच्या टीव्हीवर २५ एमबीपीएसचा पिक्चर लागला की झालं १ गिग, आणि मोबाइलवाले अजून मोजलेच नाहीत. फायबरमध्ये पण वाटणी असतेच, जीपॉनच्या (एका फायबरवरून बऱ्याच घरांना इंटरनेट द्यायच्या तंत्राच्या) एका पोर्टला घरांच्या दिशेने अडीच गिग आणि ते ३२ किंवा ६४ घरांत. पण फरक असा की उद्या कमी पडलं तर दोन टोकांची मशीन बदलून फायबरच्या त्याच काचेवरून १० गिग जातं, एक इंच पण खणायला लागत नाही. हवेत तुम्हाला स्पेक्ट्रम (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) लिलावात घ्यावा लागतो नाहीतर टॉवर वाढवावे लागतात, आणि नवीन टॉवरला परत फायबर लागतंच. म्हणून फायबर की वायरलेस या भांडणात मला रस नाही. गावापर्यंत आणि टॉवरपर्यंत फायबरच, त्याला पर्याय नाही, शेवटचे पाचशे मीटर ज्याला जे परवडेल ते करा.

मग भारतनेट बरोबरच आहे की, असं तुम्ही म्हणाल. कल्पना शंभर टक्के बरोबर. पण ऑक्टोबर २०११ ला मंजुरी मिळाली तेव्हा अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडायच्या होत्या आणि पहिल्या टप्प्यातल्या १ लाखच डिसेंबर २०१७ पर्यंत आल्या. आता कागदावर २ लाख १४ हजारांच्या पुढे ग्रामपंचायती सर्व्हिस रेडी आहेत. हा सर्व्हिस रेडी शब्द नीट बघा, त्याचा अर्थ तिथे केबल पोचली आणि फायबरवरून इंटरनेट काढून देणारा डबा लागला एवढाच. आज त्या डब्याचा लाइट हिरवा आहे का हे त्यात येत नाही.

आणि इथेच घोडं पेंड खातं. या कामाचं बिल निघायचं मीटरवर. किती मीटर खणलं, किती खोल खणलं, किती केबल ओढली, मोजमाप पुस्तिकेत लिहायचं, सही घ्यायची, बिल टाकायचं. टेंडरमध्ये खोली १६५ सेंटीमीटर. तुम्ही सह्याद्रीच्या पट्ट्यातले आहात, हातभर माती काढली की खाली काळा पाषाण, त्याच्यात साडेपाच फूट चर कोण मारणार? ब्रेकर लावून जिथे जमेल तिथे जमेल तेवढं, बाकी ठिकाणी वर लोखंडी पाइप नाहीतर काँक्रीट टाकायची सोय नियमात असते, ती किती ठिकाणी खरोखर पडली ते चर बुजल्यावर देवालाच माहीत. मी जॉइंट मारायला गेलोय तिथे वीतभर खाली डक्ट (केबलचा प्लास्टिक पाइप) लागलेली बघितलीय. बिल निघालं, ठेकेदार पुढच्या जिल्ह्यात, आणि दोन वर्षांनी त्याच रस्त्याचं रुंदीकरण.

रुंदीकरण एकटंच नाही. २०१९ पासून जलजीवन मिशनचे पाइप गावोगाव टाकायला लागले, चांगलं काम, पाणी पाहिजेच, पण पाइपाचा चर जातो रस्त्याच्या त्याच कडेने जिथे आपली केबल आहे. खणण्याआधी कळवायचं ॲप आहे, कॉल बिफोर यू डिग, मार्च २०२३ ला खुद्द पंतप्रधानांनी सुरू केलं. जेसीबीवाल्याला तासावर पैसे मिळतात हो, तो ॲप उघडून बसणार आहे का. एक हिसका आणि २४ कोअरची केबल पिळून बाहेर. तुटली तर सरळ तुटत पण नाही, ओढली जाते, त्यामुळे दोन्ही बाजूंना आतमध्ये पन्नास-शंभर फुटांवर काच मोडलेली असते आणि वरून काहीच दिसत नाही. मग ओटीडीआर लावायचा, तो लेझर सोडून किती मीटरवर तुटलंय सांगतो, ३ हजार ४१० मीटर सांगितलं की नकाशा काढायचा, आणि नकाशाच नसतो. किंवा असतो तो आधी ठरवलेल्या रूटचा, टाकली त्या रूटचा नाही. कुठे लूप ठेवलाय, कुठे चेंबर आहे, हे ज्या पोराने केबल ओढली त्याच्या डोक्यात, आणि तो पोरगा आता चाकणला कंपनीत लागलेला. एका कटला चार तास लागायला हवेत तिथे चार दिवस जातात ते यामुळे, जॉइंट मारायला जेमतेम तासभर लागतो.

त्यात पहिल्या टप्प्याची रचना अशी होती की तालुक्याच्या एक्स्चेंजमधून बीएसएनएलची जुनी केबल जिथवर आहे तिथवर तीच वापरायची आणि शेवटचा तुकडा तेवढा नवा टाकायचा. पैसे वाचले. पण ती सरळ रेघ झाली, रिंग नाही. रेघेत मध्ये कुठेही तुटलं की पुढची सगळी गावं बंद. आणि जुन्या केबलमध्ये आधीचेच जॉइंट इतके, की प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा लॉस होत शेवटच्या गावात प्रकाशाची पॉवर मायनस २८ च्या खाली. जीपॉनचं सगळं गणितच साधारण २८ डीबीचं (डीबी म्हणजे प्रकाश किती घटला त्याचं माप), त्यातले १७ च्या आसपास एकटा एका फायबरचे ३२ फाटे करणारा १:३२ चा स्प्लिटर खातो, म्हणजे केबलला आणि जॉइंटना मिळून उरतात दहा-अकरा. चार खराब जॉइंट आणि एक जास्त वाकवलेली वायर एवढ्यात ते संपतं. लाइन चालू-बंद, चालू-बंद. ग्राहक म्हणतो स्पीड नाही.

डबा तरी कुठे ठेवला? ग्रामपंचायतीच्या ऑफिसात. ग्रामसेवकाकडे तीन गावं, ऑफिसला कुलूप, लाइटबिल थकलेलं, बॅटरी सुकलेली. एका ठिकाणी (गावाचं नाव नको) डब्याच्या सॉकेटवर पाणी थंड करायचा फ्रीज लावलेला होता. लोकांना दोष देत नाही मी, त्या डब्यातून गावाला कधी काही मिळालंच नव्हतं.

ऑगस्ट २०२३ ला सुधारित भारतनेट मंजूर झालं, १ लाख ३९ हजार कोटींचं, त्यात यातल्या बऱ्याच गोष्टी सुधारल्यात हे मान्य करायला हवं. रिंग रचना आहे, गावात दीड कोटी घरांना कनेक्शन द्यायचं ठरलंय, आणि मुख्य म्हणजे ज्याने बांधायचं त्यानेच १० वर्षं सांभाळायचं. उद्यमी म्हणून गावातलाच माणूस नेमून त्याला महसुलात निम्मा वाटा द्यायची बीएसएनएलची पद्धत पण चांगली, कारण लाल लाइट लागला की लोक त्याच्याच दारात जातात. मला भीती एवढीच, की सांभाळण्याचे पैसे पण परत किलोमीटरवरच मोजले जातील आणि बंद पडलेल्या तासांचा दंड कागदावर राहील. माझं म्हणणं सरळ आहे, टेंडर तासांचं काढा. महिन्यात ७२० तास, त्यातले किती तास शेवटच्या डब्यावर हिरवा लाइट होता, तेवढेच पैसे. ते मोजायला माणूस लागत नाही, ओएलटीमध्ये (ज्या मुख्य मशीनवरून सगळ्या डब्यांना फायबर जातं) प्रत्येक डब्याची सगळी नोंद आपोआप असते. आणि ती नोंद गावाच्या नावासकट लोकांना बघायला खुली ठेवा. ठेकेदार आपोआप खोल खणेल, नकाशा ठेवेल आणि चाकणला गेलेल्या पोराला परत बोलावेल.

शहराचं दुखणं वेगळं आहे. तिथे पैसा आहे, गिऱ्हाईक आहे, पण खणायला परवानगी नाही. रस्ता खणायचा, परत बुजवायचा दर महापालिकेगणिक वेगळा, पावसाळ्यात खोदाई बंद, सोसायटीत शिरायचं तर कमिटीला खूश करा. २०१६ चे राइट ऑफ वेचे (केबल न्यायच्या परवानगीचे) नियम होते, मग २०२३ चा नवा टेलिकॉम कायदा आला आणि त्याखालचे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले, दिल्लीत सगळं ठीक आहे, वॉर्ड ऑफिसात पोचायला वेळ लागेल. म्हणून मग सगळ्यांनी वरून वायर नेल्या, खांबावरून, झाडावरून, गच्चीवरून. पुण्यात गणपती जवळ आले की मिरवणुकीच्या रस्त्यांवरच्या केबल कापून टाकतात आणि आमच्या धंद्यातल्या पोरांचे ते दहा दिवस शिडीवरच जातात. लोक या जंजाळाला हसतात, पण रोमानियात अशाच गल्लीबोळातल्या पोरांनी बिल्डिंगवरून वायर ओढून नेटवर्क उभी केली आणि तोच देश आज वायरवाल्या स्पीडमध्ये युरोपात वरच्या नंबरात असतो. आपला केबलवाला त्याच जातीचा आहे. त्याला वीज मंडळाचा खांब ठरलेल्या भाड्याने कायदेशीर द्या. केरळने केफॉन, म्हणजे राज्य सरकारचं फायबर नेटवर्क, जून २०२३ मध्ये सुरू केलं ते वीज मंडळाच्याच जाळ्यावर, आंध्रने त्याच्याही आधी विजेच्या खांबांवरूनच फायबर नेलं. ट्रायने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं होतं की वायरवाल्या ब्रॉडबँडची लायसन्स फी माफ करा आणि गावातल्या ग्राहकाला बिलाच्या निम्मी, महिन्याला २०० पर्यंत, सबसिडी देऊन बघा. ते घोंगडं भिजत पडलं.

समुद्रातल्या केबलचं पण कोणीतरी विचारतंच दर वेळी. आपल्या बऱ्याचशा केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येतात, सप्टेंबर २०२५ ला लाल समुद्रात तुटल्या तेव्हा फटका बसला, ते खरं. पण तुमचं यूट्यूब आणि नेटफ्लिक्स मुंबई-पुण्यातल्याच सर्व्हरवरून येतं, ते रात्री अडकत असेल तर लाल समुद्राला बोलून उपयोग नाही.

आणि सॅटेलाइट. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये लायसन्स मिळालं. भामरागड, धडगाव अशा ठिकाणी, जिथे केबल न्यायला जंगल आणि डोंगर आडवे येतात, तिथे शाळेला आणि दवाखान्याला हे लावा, मी दोन्ही हात वर करून पाठिंबा देईन. पण एका भागावर आकाशातून जेवढी क्षमता पडते ती तेवढीच, विरळ वस्तीत ती पुरते, आपल्या दाटीत नाही. सातारा जिल्ह्याचा भार त्याच्यावर टाकायचा विचार सुद्धा करू नका.

आता तुमच्या आईवडिलांचं. सगळ्यात आधी गावात किंवा शेजारच्या गावात कोणी केबलवाला फायबर देतो का ते बघा, आणि त्याला स्पीड विचारू नका, ओएलटी कुठे आहे ते विचारा. पाटणला असेल आणि मध्ये एकच लाइन असेल तर पावसाळ्यात बंद पडणार हे धरून चाला, गावातच असेल आणि त्याच्याकडे दोन बाजूंनी मुख्य लाइन येत असेल तर डोळे झाकून घ्या. लाइन गेली तर कोण येतं, त्याचं नाव सांगता आलं पाहिजे त्याला. फायबर नसेलच तर एअर फायबर घ्या, वाट बघत बसू नका, फक्त घ्यायच्या आधी गावात ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी रात्री ९ नंतर बसून बघा, आणि जमलं तर जोराच्या पावसात. वर्षाचे पैसे एकदम भरू नका, महिन्याचंच घ्या, म्हणजे पुढे फायबर आलं की सोडता येईल.

कनेक्शन कुठलंही असो, राउटर टीव्हीच्या मागे कोपऱ्यात ठेवू देऊ नका. गावच्या घराच्या दगडी भिंती जाड असतात, ५ गिगाहर्ट्झचं वायफाय एका भिंतीत मरतं आणि फोन गपचूप २.४ वर जातो, मग १०० चा प्लॅन असून ३० येतात आणि शिव्या आम्हाला. माजघरात उंचावर ठेवा. आणि १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, हजार-दोन हजारात येतो, त्याच्यावर राउटर लाइट गेल्यावर पण दोन-तीन तास चालतो. त्या भागात लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला मी सांगायला नको. फायबर असेल तर वडिलांना डब्यावरचा एलओएस (सिग्नल तुटला) लिहिलेला लाइट तेवढा दाखवून ठेवा, लाल असेल तर केबलवाल्याला फोन, नसेल तर आधी एकदा बंद करून चालू.